बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर सामना पूर्ण का करत नाही?

तुमचा प्रश्न असा, की क्रिकेटमध्ये बोलर दमला तर त्याला थांबवून नंतर पुन्हा आणतात. मग बेसबॉलचा चांगला पिचर, म्हणजे तिथला बोलर, पाचव्या-सहाव्या इनिंगलाच का काढतात (इनिंग म्हणजे तीन आउट होईपर्यंतची छोटी पाळी, सामन्यात अशा नऊ), आणि एखाद्याने नऊच्या नऊ इनिंग टाकल्या की एवढं कौतुक कशाचं?

बेसबॉलमध्ये दुसरा स्पेल नाही. बदललेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. शिवाय बॅटर तेच नऊ, फिरून फिरून येणार. सहाव्या इनिंगच्या सुमाराला तोच माणूस तिसऱ्यांदा समोर उभा राहतो, तेव्हा तुमचा चेंडू कुठे वळतो, कुठे पडतो हे त्याने दोनदा पाहिलेलं असतं. तिसऱ्या फेरीत बॅटर जास्त मारतात, हे आकड्यांतून दिसल्यावर संघांनी हिशेब बदलला: एकेका इनिंगला ताजा, जोरात टाकणारा हात आणायचा. जास्त टाकून पिचरच्या कोपराचं ऑपरेशन करावं लागेल, ही धास्तीही आहेच. मला हा हिशेब चुकीचा वाटत नाही, पण त्यात एक विद्या लोपत चालली आहे, याचं वाईट वाटतं.

जुन्या जमान्यातला पिचर साय यंग याने कारकिर्दीत ७४९ सामने असे एकट्याने पूर्ण केले. २०२२ च्या हंगामात मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतल्या तीसही संघांच्या सगळ्या पिचरांचे मिळून झाले ३६, त्यातले ६ एकट्या मायामीच्या सँडी अल्कांताराचे. आणि २ जुलै १९६३ ला सॅन फ्रान्सिस्कोत ४२ वर्षांचा वॉरन स्पान आणि २५ वर्षांचा हुआन मारिशाल हे दोन संघांचे पिचर सोळाव्या इनिंगपर्यंत एकमेकांसमोर हटले नाहीत. शेवटी मारिशालच्या संघातल्या विली मेजने स्पानला होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारला, तेव्हा कुठे १-० ने निकाल लागला. मारिशालने त्या रात्री २२७ चेंडू टाकले होते. आज कोणी टाकू देणार नाही, आणि देऊही नये.

पण ही विद्या म्हणजे नुसता दम नव्हे. मी इथे लॉस एंजेलिसमध्ये राहतो. २५ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, फराळाचा डबा पुढ्यात घेऊन वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या सात सामन्यांपर्यंत चालणाऱ्या अंतिम लढतीचा, दुसरा सामना बघत होतो. टोरांटोत आमच्या लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पिचर योशिनोबू यामामोतो टाकत होता. पहिल्याच इनिंगला एकही आउट नसताना पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर समोरच्या संघाची माणसं, म्हणजे रन होण्याच्या बेतात. त्याने रन दिला नाही, पण २३ चेंडू गेले. या गतीने हा पाचवी इनिंगही बघत नाही, असं मी बायकोला म्हणालो.

पुढच्या आठ इनिंगला त्याला फक्त ८२ चेंडू लागले. म्हणजे इनिंगला जेमतेम दहा! एकही वॉक नाही, म्हणजे चार वाईट चेंडू टाकून बॅटरला फुकट पहिला बेस दिला नाही. चेंडू बॅटरला मारावासा वाटेल असा टाकायचा, पण नीट मारता येणार नाही अशा जागी. मग दोन-तीन चेंडूंत सोपा झेल नाहीतर ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मिळतो आणि हात पुढच्यासाठी शिल्लक राहतो. शेवटचे वीस बॅटर ओळीने आउट. सहाव्या इनिंगअखेर १-१ होतं, सामना संपला ५-१ वर. आठव्या इनिंगपासून आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं. त्याआधीचा मिलवॉकीतला सामनाही त्याने असाच एकट्याने संपवला होता.

पुढे सहाव्या सामन्यात त्याने ९६ चेंडू टाकले, आणि दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात शेवटी येऊन आणखी ३४. सिरीज डॉजर्सनी जिंकली. तुम्हाला एकच सामना बघायचा असेल तर तो दुसरा बघा, आणि तिसऱ्या इनिंगनंतर प्रत्येक बॅटरला किती चेंडू लागतात तेवढं मोजत राहा.