घरात सगळेच जाड, मग जीन टेस्ट करून घेऊ का?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, चिंचवडला राहते. माहेरी आई, मावशी, भाऊ, मी, सगळेच जाड. सासरी जाऊबाई माझ्याएवढंच जेवतात, वर दुपारी फरसाण असतंच, तरी सडसडीत. आता जिममधले सर म्हणतायत डीएनए टेस्ट करा, म्हणजे तुमच्या जीन्सप्रमाणे डाएट देता येईल, पैसे बरेच सांगतायत. वजन खरंच जीन्सवर असतं का? मुलगा ८ वर्षांचा आहे, थोडा गुबगुबीत, त्याचीही करू का?

उत्तर: असतं, आणि बऱ्यापैकी असतं. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास बघितले तर माणसामाणसांत बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) जो फरक दिसतो त्यातला साधारण ४० ते ७० टक्के अनुवंशिक निघतो. म्हणजे तुमच्या वजनातले इतके किलो आईकडून आले असा हिशोब नाही हां, हा आकडा लोकांमधल्या फरकाचा आहे. पण 'सगळा आळस आहे' असं कुणी तोंडावर म्हणालं तर सरळ चूक म्हणून सांगा.

पण तो एक जीन कुठे सापडत नाही, गंमत तिथेच आहे. २००७ मध्ये इंग्लंडमधले संशोधक खरं तर डायबेटिसचे जीन शोधत होते, त्यात एफटीओ नावाचा सापडला, आणि वजनाचा हिशोब बाजूला काढला तर त्याचा डायबेटिसशी संबंधच उरेना, म्हणजे तो वजन वाढवूनच डायबेटिसकडे नेत होता. युरोपियन वंशाच्या लोकांत साधारण १६ टक्के जणांकडे त्याची वजन वाढवणारी आवृत्ती आई-वडील दोघांकडून आलेली असते आणि त्यांचं वजन, दोन्हीकडून न आलेल्यांपेक्षा सरासरी किती जास्त? ३ किलो. बस. आणि माणसामाणसांच्या जीन्समध्ये जे बारीक फरक सर्रास आढळतात त्यांत हा सगळ्यात दांडगा! २०१८ पर्यंत सुमारे ७ लाख लोकांचा डेटा एकत्र करून जीन्समधले असे ९४१ फरक मिळाले, ते सगळे मिळूनसुद्धा बीएमआयमधला फक्त ६ टक्के फरक सांगू शकले. २०१९ मध्ये जीन्समधल्या २१ लाख फरकांचा प्रत्येकाचा एकत्र स्कोअर काढला तेव्हा स्कोअरमध्ये सगळ्यात वरचे १० टक्के लोक आणि सगळ्यात खालचे १० टक्के लोक यांच्या वजनात सरासरी १३ किलोंचं अंतर निघालं, ते मात्र थोडं नाही.

हे फरक बरेचसे मेंदूतून, भुकेतून काम करतात. 'माझं मेटाबॉलिझमच स्लो आहे' हे आपलं आवडतं वाक्य, पण २००८ मध्ये स्कॉटलंडच्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात एफटीओची ती आवृत्ती असलेली मुलं कॅलरी कमी जाळत नव्हती, जास्त खात होती. जाऊबाईंचं पोट कदाचित आधी भरत असेल, तुम्हाला त्यांचं ताट दिसतं, दिवसभराचा हिशोब कुठे दिसतो.

आणि सडसडीत म्हणजे सुटलो असं आपल्याकडे तरी समजू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! पुढे २००९ मध्ये याज्ञिकांच्या टीमने दाखवलं की भारतीयांमध्ये एफटीओचा डायबेटिसशी संबंध आहे आणि तो नुसत्या बीएमआयने पूर्ण समजत नाही. त्यामुळे काट्यापेक्षा टेप जास्त कामाचा, कंबर बाईची ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की शुगर तपासायची, जाऊबाईंनीसुद्धा.

आता टेस्ट. माझं मत, नको. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर लो-फॅट (कमी चरबीचं) नाहीतर लो-कार्ब (कमी पीठ-साखरेचं) डाएटवर ठेवलं होतं, जीन्सशी 'जुळणारं' डाएट ज्यांना मिळालं त्यांचं वजन जास्त उतरलं का, तर नाही. म्हणजे जिमवाले सर जे विकतायत नेमकं तेच तिथे टिकलं नाही. आणि एफटीओची ती आवृत्ती असलेल्यांचं वजन उतरत नाही असंही नाही, २०१६ मध्ये आठ ट्रायल्समधल्या साडेनऊ हजार लोकांचा डेटा एकत्र तपासला, त्यांचंही इतरांइतकंच उतरलं होतं. घराण्यात जाडी आहे हे तुम्हाला लग्नाच्या अल्बममधून फुकट कळलेलंच आहे.

मुलाचं वेगळं बघू. एकाच जीनमधल्या बिघाडाने येणारा लठ्ठपणा असतो, पण दुर्मीळ, आणि तो वयाच्या पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने वाढतो, मूल सतत भुकेलं असतं, खाऊन झालं तरी शांत होत नाही. तसं असेल तर मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे न्या, टेस्ट हवी की नको ते ते ठरवतील, जिम नाही. नुसताच गुबगुबीत असेल तर त्याला टेस्टची गरज नाही, आणि कृपा करून त्याच्यासमोर 'आमच्या घराण्यातच आहे' हे म्हणणं बंद करा.