गाडीच्या फ्रेमला प्लास्टिक? आणि तडा गेला तर?

प्रश्न: नाशिक फाट्याला पुढच्या टेम्पोला गाडी हलकीच ठोकली. बंपर काढला तर आत रेडिएटर धरणारी फ्रेम चक्क प्लास्टिकची, आणि ती बॉनेटच्या लॉकपाशी तडकलीये. गॅरेजवाला म्हणतो नवीन कशाला, गरम पिना मारून देतो (तापवलेल्या तारा तड्यावर रुतवून), वरून बंपरपुढे स्टीलचं गार्ड टाका. एवढ्या महाग गाडीत प्लास्टिक देतातच कसं?
– एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर: दादा, पिना मारून घेऊ नका, आधी हेच सांगतो. तडा गेलाय तिथली कड टॉर्चच्या उजेडात बघा, बारीक पांढरे तंतू दिसतील, ती काच आहे. फ्रेमच्या मागे ‘पीपी-जीएफ३०’ किंवा ‘पीए६-जीएफ३०’ असं काहीतरी उठवलेलं असतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नाहीतर नायलॉन आणि त्यात वजनाने ३० टक्के काचतंतू. तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या पाचव्या हिश्श्याहून कमी वजन, त्यामुळे देतात ते काही चुकीचं नाही. पण खरी ताकद त्या तंतूंची, आणि गरम पिनेने फक्त प्लास्टिक वितळून चिकटतं, तुटलेले तंतू परत जुळत नाहीत. तुमचा तडा नेमका लॉकपाशी आहे, लॉक सुटलं तरी बॉनेट धरून ठेवणारा सेफ्टी हुकपण शेवटी तिथेच अडकतो, उद्या एक्स्प्रेसवेला बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसणार नाही, विचार करा.

बाकी मोठ्या धडकेचा मार ही फ्रेम घेत नाही, तो बंपरमागचा आडवा बीम आणि त्यामागचे स्टीलचे मेंबर, म्हणजे सांगाड्याचे लांब दांडे, दबून घेतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनसीएपी, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी सरकारी चाचणी, सुरू झालीय, त्यात ताशी ६४ किमीला गाडी ठोकतात, आपल्या चाकणला एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडेही अशी क्रॅश टेस्ट होते, आणि ती या प्लास्टिकसकट अख्ख्या गाडीची असते. गार्ड लावलंत की धडक भलत्याच ठिकाणी बसते, दबायचे भाग नीट दबत नाहीत, एअरबॅगचं टायमिंग बिघडू शकतं, आणि पायी चालणाऱ्याला लागलं तर त्याचे हाल. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलंय.

फ्रेम कंपनीचीच नवीन घ्या, नाना पेठेतून जुनी आणू नका, आतला तडा वरून दिसत नाही. इन्शुरन्समध्ये प्लास्टिक पार्टला ५० टक्के घसारा कापतात, झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) असेल तर वाचाल, फक्त इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गॅरेजवाल्याला तो पार्ट काढू देऊ नका आणि तड्याचे जवळून फोटो काढून ठेवा.