उबुंटू २२.०४ वरून २४.०४ केल्यावर वाइनमधलं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर उघडत नाही, काय करू?

अहो सॉफ्टवेअर बहुतेक ठीकच असेल, वाइन, म्हणजे उबुंटूवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, ते तपासा आधी. रिलीज अपग्रेड करताना उबुंटू बाहेरच्या सगळ्या रेपो (सॉफ्टवेअर जिथून उतरतं ती ठिकाणं) बंद करतं, मग वाइन एकतर जुन्याच रिलीजचं लटकत राहतं नाहीतर निघूनच जातं, आणि जुने डीटीपी प्रोग्राम ३२ बिटचे, त्यांना आय३८६ची म्हणजे ३२ बिटची पॅकेजेस लागतात. नारायण पेठेत मित्राच्या प्रेसमध्ये हेच झालं, ऐन लग्नसराईत, पत्रिका अडकल्या आणि शिव्या मला! होममधल्या डॉट-वाइन या लपलेल्या फोल्डरची कॉपी आधी काढा, नवीन वाइन त्यात बदल करतं आणि मग मागे जाणं अवघड. मग आय३८६ चालू करून वाइनची २४.०४ची म्हणजे नोबलची रेपो टाका, २२.०४ची म्हणजे जॅमीची नको, आणि वाइन पुन्हा इन्स्टॉल करा.