कन्येचे खाते बंद करण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

रावेर तालुक्यातून लिहिलेल्या पत्रात आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या कन्येचे इन्स्टाग्राम खाते बंद करावे काय, आणि लिंक्डइन या नोकरी-व्यवसायविषयक संकेतस्थळावरून नोकरी मिळते हे तिचे म्हणणे कितपत खरे मानावे. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. खाते बंद करू नये. ते खासगी करून ओळखीच्या माणसांपुरते ठेवले की पुरे.

लिंक्डइन नोकरी देत नाही, परंतु देणाऱ्याला उमेदवार सापडण्याची सोय तेथे आहे. ठिबक सिंचन, प्रयोगशाळेत तयार होणारी टिश्यू कल्चर रोपे किंवा केळी निर्यात या व्यवसायांतील भरती अधिकारी तेथे कामाशी संबंधित शब्द टाकून शोध घेतात, आणि नावाखालच्या ओळीत केवळ ‘विद्यार्थिनी’ एवढेच लिहिलेले असेल, तर आपली कन्या त्या शोधात दिसण्याची शक्यता फार कमी. या ओळीत 220 अक्षरे मावतात. तेथे पदवी, केळी पीक, ठिबकद्वारे खत व्यवस्थापन असे नेमके उल्लेख, शक्यतो इंग्रजीत, असावेत.

खरा प्रश्न पुढचा आहे, तो म्हणजे तिने तेथे लिहायचे काय. सुविचार आणि ‘कळवण्यास आनंद होतो की’ छापाच्या घोषणा तेथे पुष्कळ आहेत, त्यांत भर नको. कृषिकन्या म्हणून, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, गावात राहून तिने जे काम केले, तेच तिचे भांडवल आहे: करपा या केळीवरील रोगाची लक्षणे कोणत्या पानांवर दिसली, रोगट भाग कापून बागेबाहेर नष्ट केल्यावर पुढे काय आढळले, उन्हाळ्यातील उष्ण वाऱ्यापासून बाग वाचवण्यासाठी शेतकऱ्याने कडेने काय लावले होते. अशी एक नोंद, तारीख आणि छायाचित्रासह, महिन्यातून दोनदा आली तरी चालेल. मात्र शेतकऱ्याची परवानगी घ्यावी, आणि स्वतः केलेले काम व नुसते पाहिलेले काम यांत गल्लत करू नये, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न तेथूनच येतो. मार्गदर्शक प्राध्यापकांकडून लेखी शिफारस मागायची असल्यास ती आताच, त्यांना तिचे काम आठवत असताना, मागावी.

आपली काळजी अनाठायी नाही. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागणारा प्रस्ताव, मग तो कितीही मोठ्या कंपनीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असो, नाकारावा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा आहे का, हे आधी पाहावे. पैसे गेलेच, तर लाजेखातर थांबू नये, त्याच तासाला 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक