कस्टमरच्या लाइनवरून बोलणारा 'सपोर्टवाला'

प्रश्न : काकू, मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी फूड डिलिव्हरी करतो. परवा रात्री विजय नगरच्या एका रेस्टॉरंटमधून ऑर्डर उचलली आणि गाडी चालू करतो तोच फोन आला. कस्टमरचे फोन कंपनीच्या ज्या नंबरावरून येतात, त्याच नंबरावरून. 'सर, सपोर्ट से बोल रहा हूँ. आपके खिलाफ कम्प्लेंट है, आयडी ब्लॉक हो जाएगी. रजिस्टर्ड नंबर कन्फर्म कीजिए और जो कोड आया है वो बताइए.' मी सांगितला. सकाळी बघतो तर अ‍ॅपमध्ये भलत्याच बँकेचं खातं जोडलेलं आणि आठवड्याची कमाई तिकडे गेलेली! कंपनी म्हणते, कोड तुम्हीच दिलात. बँक म्हणते, आमच्याकडून पैसे गेलेच नाहीत. आता जायचं कुणाकडे? आईला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : बाळा, बँक खरं बोलतेय आणि सगळी गोम तिथेच आहे. पैसे तुझ्या खात्यातून गेले असते तर रिझर्व्ह बँकेचा नियम काढून बसलो असतो. ओटीपी स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान खातेदाराचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं, असा त्याचा हिशेब. पण इथे तुझं खातं मध्ये आलंच नाही. कमाई कंपनीकडे जमा होती, तुला द्यायची होती, ती कंपनीने तिसऱ्याच्याच खात्यात टाकली. तेव्हा 'माझं देणं अजून बाकी आहे' हीच भाषा धर. कंपनी लगेच मान्य करेल असं नाही, पण भांडण कुणाशी आहे हे तरी पक्कं होईल.

हे वाचून होताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लाव. पैसे त्या खात्यातून पुढे सरकले नसतील तर तिथेच गोठवता येतात, म्हणून इथे तासांना किंमत आहे. ते व्यवहाराचा तपशील विचारतील. तुझ्याकडे तो नाही, कंपनीकडे आहे. म्हणून कंपनीला चॅटवर नाही, ईमेलवर लिही : पैसे कोणत्या खात्यात गेले, यूटीआर क्रमांक (म्हणजे त्या बँक व्यवहाराचा क्रमांक) काय, खातं किती वाजता बदललं, कोणत्या फोनवरून बदललं. चॅटवरचा मुलगा तेच ते ठरावीक उत्तर चिकटवतो. ईमेल मात्र पुढे पोलिसांना दाखवता येतो. 1930 कडून मिळालेला तक्रार क्रमांक त्याच ईमेलमध्ये घाल आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पूर्ण भर. दुसऱ्याचं सोंग घेऊन फोनवरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-डी खाली गुन्हा आहे, तेव्हा ठाण्यात कुणी 'कोड तूच दिलास ना' म्हणालं तर हे कलम सांग.

आता त्याने हे जमवलं कसं? कस्टमर आणि रायडरचे नंबर एकमेकांना दिसू नयेत म्हणून कंपन्या मधे आपला नंबर ठेवतात. सोय चांगली आहे. पण चोर स्वतःच एखादी स्वस्तातली ऑर्डर टाकतो. तुझं नाव, रेस्टॉरंट, तू कुठे पोचलास, हे सगळं त्याला त्याच्या स्क्रीनवर दिसतं. मग 'रायडरला कॉल करा' दाबतो. तुला वाटतं, कंपनीचा फोन! तुझा नंबर मात्र त्याला दिसत नाही, म्हणून तो 'कन्फर्म' करायला लावतो, तिकडे लॉगिनमध्ये टाकतो आणि कोड तुझ्या फोनवर येतो. कंपनीच्या माणसाला तुझा नंबर तुला विचारावा लागेल का? आणि आपल्या इंदुरात डिलिव्हरीच्या पोराला 'सर' कोण म्हणतं रे? इथे 'भिया' म्हणतात. एवढी अदब ऐकली की फोन ठेवायचा आणि अ‍ॅपमधल्या मदतीच्या बटणावरून आपण स्वतः सपोर्टला गाठायचं.

त्याने स्टार 21 किंवा स्टार 401 ने सुरू होणारा एखादा नंबर डायल करायला लावला होता का? तसं असेल तर कॉल दुसरीकडे वळवलेले असतील. ##002# डायल कर, सगळं वळवणं बंद होईल.

कंपन्यांवर माझा राग वेगळाच आहे. ड्यूटीवर येताना टी-शर्टचा सेल्फी मागतात, मग बँक खातं बदलताना का मागत नाहीत? खातं बदललं की दोन दिवस पैसे थांबवले असते तर तुझी कमाई वाचली असती. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात गिग कामगारांसाठी, म्हणजे तुझ्यासारख्या अ‍ॅपवरून काम करणाऱ्यांसाठी, विमा, आरोग्य, म्हातारपण आलंय. अशा चोरीच्या भरपाईचं मात्र काही नाही.

आईला आजच सांग. रात्री गाडी चालवणाऱ्या पोराच्या डोक्यात घरातलं गुपित नको.

प्रश्न : माझे यजमान निवृत्तीनंतर डिलिव्हरी करतात. भंवरकुआंच्या एका होस्टेलवर मुलाने 'अंकल, पेमेंट हो गया' म्हणत स्क्रीनशॉट दाखवला. पैसे आलेच नव्हते, कंपनीने यांच्याकडून कापले. (तिलक नगर)

उत्तर : ताई, कस्टमरच्या फोनमध्ये काय दिसतं ते बघूच नये. हुबेहूब हिरवी खूण आणि आवाज काढणारी बनावट अ‍ॅप्स मिळतात. क्यूआर रायडर अ‍ॅपमधलाच दाखवायचा, आणि त्याच अ‍ॅपमध्ये पैसे मिळाल्याचं दिसेपर्यंत पार्सल बॅगेतच राहू द्यायचं. 'नेटवर्क नहीं है' म्हणाला तर गेटवर उभं राहूनच सपोर्टला कळवायचं, म्हणजे वेळेची नोंद राहते. पोरांना बरं वाटावं म्हणून यजमान आधी पार्सल हातात देत असतील. आमच्या पिढीची ही सवय मला चांगली माहीत आहे. आणि कुणी 'जास्त गेले, परत करा' म्हणत लिंक पाठवली, तर पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, एवढं त्यांच्या कानावर घाला. कापलेल्या रकमेसाठी ऑर्डर क्रमांकासह लेखी तक्रार करा.

प्रश्न : मित्र म्हणतो, तुझी डिलिव्हरीची आयडी मला चालवू दे, निम्मे पैसे तुझे. देऊ का?

उत्तर : नको. आधार तुझं, खातं तुझं. त्याने कुणाचे पैसे खाल्ले तर पोलीस तुझ्या दारात येतील आणि गोठेल तेही तुझंच खातं. त्याच्याकडे लायसन्स असेल तर त्याने स्वतःच्या नावाने नोंदणी करावी. आणि त्याच्या फोनवर तुझी आयडी आधीच चालू असेल, तर आज रात्रीच लॉगआउट करून घे.