लिलावात गेलेली होडी

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तक्रारी बदलतात. जूनमध्ये 'अभ्यासाला बसत नाही' असतं, गणेशचवथीनंतर 'मोबाइल सोडत नाही' असतं. शाळांचे निधी गोळा करायचे कार्यक्रम सुरू झाले की मात्र पणजी, पर्वरी, मडगाव, कुठूनही आलेले पालक खुर्चीत बसल्या बसल्या एकच सांगतात, "मॅडम, शाळा चांगली आहे हो, पण तिथली माणसं आपल्यातली नाहीत." या वाक्याच्या मागे रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, न खपलेल्या तिकिटांच्या पुस्तिका असतात, गाला डिनरच्या टेबलाचे पैसे असतात, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सर्वांच्या आधी टाकलेला देणगीचा आकडा असतो. आणि बहुतेक वेळा आदल्या रात्रीचं नवरा-बायकोचं भांडणही असतं.

आज चाळिशीत असलेल्या गोव्यातल्या पालकांना हे सगळं नवीन आहे. त्यांच्यातले कितीतरी जण गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव निघालेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकले आणि पुढे अनुदानित हायस्कुलात गेले. तिथं शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून व्हायचा. फेट, म्हणजे शाळेची जत्रा, तेव्हाही भरायची. हाउजी असायची, रॅफल असायचं, चोरीस-पावाच्या स्टॉलवर रांग लागायची. पण कुणी किती तिकिटं घेतली याचा हिशेब कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसे. आता त्यांची मुलं जातात त्या विनाअनुदानित शाळेला सरकारकडून दमडी मिळत नाही. पगार, इमारत, पोहण्याचा तलाव, सगळं फीमधून आणि फी पुरली नाही की पालकांच्या खिशातून. शाळेनं पैसे मागणं यात मला पाप दिसत नाही. कसे मागतात, हे मात्र बघावं लागतं.

वैदेहीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात बाकीच्या पुष्कळांची गोष्ट येते. नावं आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

वैदेही मूळची डिचोली तालुक्यातल्या एका गावातली. आता पर्वरीला राहते, म्हापशाला बँकेत नोकरी. नवऱ्याचं अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचं छोटं वर्कशॉप. एकुलती एक मुलगी सान्वी पाचवीत, अशाच एका महागड्या शाळेत. महिनाभर दर सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. वैदेहीचं निदान तयारच होतं.

"स्टेटसचा कॉम्प्लेक्स आलाय तिला. त्या गाला डिनरपासून. शाळाच बदलावी म्हणतो आम्ही."

झालं होतं ते असं. हॉटेलच्या लॉनवर जेवण आणि लिलाव. जेवणाच्या पासांसाठी वैदेहीनं भिशीचे पैसे काढले. वर्गातल्या सगळ्या मुलांनी मिळून एक मोठा कॅनव्हास रंगवला होता, मांडवीचा काठ. कुणी पूल काढला, कुणी कॅसिनोचं जहाज, कुणी नुसतीच घारी. सान्वीनं खाली उजव्या कोपऱ्यात होडी काढली होती. वैदेहीनं मनाशी ठरवलं होतं, पाच हजारांपर्यंत हात वर करायचा. बोलीची सुरुवातच दहापासून झाली. चित्र पासष्ट हजारांना गेलं, वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी घेतलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही.

"आम्ही मागे बसलो होतो. ती सारखी माझ्याकडे बघत होती. तिला काय वाटलं असेल, मॅडम!"

सान्वीला काय वाटलं हे सान्वीला विचारायचं ठरवून मी पुढची वेळ दिली. उठता उठता वैदेही सहज बोलून गेली, "शनिवारचा ड्रॉइंगचा क्लासही सोडला तिनं. एका परीनं बरंच झालं, फी वाचली."

अशी जाता जाता पडलेली वाक्यं मी सोडत नाही. इतकी वर्षं हे काम करून एक कान त्यासाठीच तयार झालाय, असं म्हटलं तर थोडा गर्व दिसेल. दिसू दे. श्रीमंतांपुढे लाजलेली मुलगी शाळा टाळेल, डबा लपवेल, वाढदिवसाला जायला नको म्हणेल. चित्र काढणं का सोडेल?

मधल्या भेटीत सान्वीचे बाबा येऊन गेले. हाताची घडी घालून बसले आणि दोनतीनदा म्हणाले, "आम्ही तिला कशात कमी पडू दिलेलं नाही." यापलीकडे त्या दिवशी फारसं काही हाती लागलं नाही.

सान्वी एकटी आली तेव्हा आधी आम्ही मांजरावर बोललो, मग तिच्या बसमधल्या जागेवर. चित्राचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला.

"आमचं पेंटिंग कियानच्या हॉलमध्ये लावलंय. त्यानं फोटो दाखवला."

"तुला वाईट वाटलं का, त्यांच्याकडे गेलं म्हणून?"

तिनं खांदे उडवले. "त्यांना आवडलं ना." मग बराच वेळ टेबलावरची पेन्सिल गोल गोल फिरवत राहिली. मी थांबले. अशा वेळी थांबणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कठीण काम. तोंडाशी आलेला प्रश्न गिळायचा असतो.

"आईला नाही आवडलं."

"आई असं म्हणाली?"

"तिथं मी म्हटलं, आपण घेऊया. तर ती म्हणाली, कसलं ते चित्र, आपल्या घरात शोभणारसुद्धा नाही."

महिनाभराचं पोटदुखणं या दोन वाक्यांत होतं. वैदेहीला हात वर करता आला नाही. तिनं मुलीसमोर लाज राखायला कोल्ह्याच्या द्राक्षांची युक्ती केली. तिच्या लेखी ते चित्र म्हणजे पासष्ट हजार रुपये होते. सान्वीच्या लेखी ती तिची होडी होती. पैशाचा तर प्रश्नच तिच्या डोक्यात नव्हता. आईला माझी होडी शोभेनाशी वाटली, परक्या माणसाला मात्र ती भिंतीवर लावाविशी वाटली, एवढंच ती घेऊन घरी आली होती.

पुढच्या वेळी दोघींना एकत्र बसवलं. सान्वीच्या परवानगीनं मी तेच वाक्य परत म्हटलं, जसंच्या तसं. वैदेहीचा हात तोंडावर गेला.

"अगो, मला आवडली होती गे ती होडी! पैसे नव्हते आपल्याकडे."

"मग तसं सांगायचं ना."

वैदेही रडायला लागली. सान्वीला मात्र रडण्यात रस नव्हता, तिला हिशेब हवा होता. "किती नव्हते?"

मी वैदेहीकडे बघून मान हलवली. सांग.

"आपल्याकडे पाच हजार होते. चित्र पासष्टला गेलं."

"म्हणजे साठ हजार कमी!" सान्वी म्हणाली, आणि तो आकडा इतका अवाढव्य वाटला की ती चक्क हसली. मग वैदेहीही हसली. माझ्या खोलीत दोन महिन्यांत पहिल्यांदाच पैशांबद्दल आवाज न दबता बोललं गेलं.

मुलांपासून आपण पैशांची तंगी लपवतो ती त्यांच्या भल्यासाठी, असं पालकांना मनापासून वाटतं. पण तंगी लपवताना आपण कारणं बनवतो. 'ती सहल बेकार असते', 'त्या लोकांना अक्कल कमी आणि पैसा जास्त', 'तुला कशाला हवंय ते'. मूल ही कारणं खरी धरतं. सहलीला त्याची मैत्रीण जाणार असते, 'ते लोक' म्हणजे त्याच्या बाकावरच्या मित्राचे आईवडील असतात. खरा आकडा सांगितला तर मूल पाच मिनिटं हिरमुसतं आणि खेळायला जातं. बनवलेलं कारण मात्र आत घर करून बसतं. 'या वर्षी शाळेच्या कार्यक्रमासाठी आपण इतके ठेवलेत, त्यात काय करायचं ते तू सांग' हे आठ-दहा वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतं. घराचे हप्ते आणि बाबांच्या धंद्यातली येणी सांगायची गरज नाही, त्याचा भार मुलावर टाकू नये. कार्यक्रमापुरता आकडा, तोही कार्यक्रमाच्या आधी. लॉनवर, दिव्यांच्या झगमगाटात आकडे ठरवायचे नसतात. तिथं मोठी माणसंही शहाणी राहत नाहीत.

सान्वीचं सोमवारचं दुखणं दोनेक आठवड्यांत थांबलं. वैदेही मात्र येत राहिली, आता स्वतःसाठी. "तिचं गेलं, मॅडम. माझीच लाज जात नाही."

मी तिला विचारलं, "तुमच्या गावात गणपतीला पावणी होते?"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, बांधलेले नारळ, फळं यांचा नंतर लिलाव होतो, तो म्हणजे पावणी. एरवी बाजारात चाळीस-पन्नासाला मिळणारा नारळ हजारांत जातो. पैसे मंडळाला किंवा देवस्थानाला.

"होते ना. मोठी होते."

"तुझे वडील बोली लावायचे?"

"बाबा? छे! त्यांच्याकडे कुठले पैसे."

"मग तुला तिथं बसायची लाज वाटायची?"

ती थोडा वेळ गप्प झाली. "नाही. कशाला वाटेल? माटोळी बाबाच बांधायचे. दोन दिवस आधी रानात जाऊन कवंडळं, सुपारीचे घोस, काय काय आणायचे. पावणीत कुठलंही फळ वर धरलं की मी मैत्रिणींना सांगायची, हे माझ्या बाबांनी आणलं."

आणि इथं ती थांबली. मला पुढं काही बोलावं लागलं नाही. खोटं कशाला बोलू, असे क्षण आले की मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटतो. योग्य प्रश्न विचारायचा आणि बाजूला व्हायचं.

मी अॅडलरला मानते. आल्फ्रेड अॅडलर हा व्हिएन्नाचा डॉक्टर, १९३७ साली वारला. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं त्या शहरात शाळांच्या जोडीनं मुलांसाठी सल्ला केंद्रं काढली आणि पालक-शिक्षकांना समोर बसवून मुलांशी बोलायची पद्धत पाडली. 'न्यूनगंड' म्हटलं की आपण त्याचंच देणं वापरत असतो. पण त्याचं दुसरं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं: माणूस सतत चाचपत असतो, या चार जणांत मला जागा आहे का, माझा इथं काही उपयोग आहे का. वैदेहीच्या वडिलांना पावणीत बोली लावता येत नव्हती, तरी त्यांची जागा पक्की होती. सान्वीच्या शाळेत मात्र स्वतःची जागा मिळवायची एकच वाट तिला दिसत होती, पाकीट. ती वाट कधीही कियानच्या वडिलांच्या पुढे जाणार नव्हती.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाआधी तिनं दोन गोष्टी केल्या. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत उभी राहून सांगितलं की हिशेबाचं आणि तिकीट-खिडकीचं काम मी करीन, बँकेतली आहे. आणि वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं: 'आमच्याकडून दोन हजार. कृपया देणगीचे आकडे ग्रुपवर न टाकता बंद पाकिटात देऊया.' बोट थरथरत होतं म्हणाली. पाठवल्यावर तासाभरात चार आयांचे खासगी निरोप आले, बरं झालं तू लिहिलंस. एकीनं ग्रुपवर टोमणाही मारला. तो लागला, पण ती घरी येऊन सान्वीपाशी त्या बाईबद्दल वाकडं बोलली नाही, आणि माझ्या मते हे सगळ्यात अवघड काम तिनं केलं.

याच हंगामात माझ्याकडे पैसेवालेही येतात, हे फार कुणी लक्षात घेत नाही. त्यांची तक्रार अशी की मुलाला सगळे 'स्पॉन्सर' म्हणून हाक मारतात, खेळायला घेत नाहीत. त्यांनाही मी तेच विचारते, पैशाशिवाय तुमचं मूल त्या वर्गात काय करतं?

कायद्याबद्दल हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा, २००९, याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना जाहीर केलेल्या फीखेरीज देणगी घेता येत नाही. घेतली तर दहापटीपर्यंत दंड आहे. वर्षाच्या मधे होणारा ऐच्छिक कार्यक्रम या कलमात बसत नाही. पण ऐच्छिक असेल तर नाही म्हणायची मोकळीकही खरी हवी. रॅफलची पुस्तिका विकली नाही म्हणून मुलाला वर्गात उभं केलं, नाव फळ्यावर लिहिलं, तर ते मुलाला मानसिक त्रास देणं झालं, आणि त्याला त्याच कायद्याच्या कलम १७ नं मनाई आहे. अशा वेळी ग्रुपवर भांडू नका. मुख्याध्यापकांना दोन परिच्छेदांचं पत्र द्या, तारीख घाला, पोच घ्या. मुलाच्या हातून पाठवू नका.

आणि शाळा बदलायची का? कार्यक्रमांच्या लाजेपायी बदलू नका, कारण ती लाज बरोबर येते. महिन्याची फीच उसनवारीनं भरावी लागत असेल तर मात्र खुशाल बदला. अनुदानित शाळांतून शिकलेली माणसं गोव्यात कुठं कमी आहेत? वैदेही आणि तिच्या नवऱ्यानं कागद-पेन घेऊन बसून हिशेब मांडला. सान्वी सातवीपर्यंत तिथंच राहील. आठवीला म्हापशाच्या अनुदानित हायस्कुलाचा अर्ज आणायचं ठरलं आहे, आणि ते सान्वीला आत्तापासून माहीत आहे.