दिवसभर उपाशी, रात्री डबे रिकामे

प्रश्न: माझी मुलगी 19 वर्षांची, कॉलेजला जाते. काही महिने झाले सकाळी नुसती काळी कॉफी, डबा तसाच परत, जेवायला बोलावलं की 'मैत्रिणीकडे खाल्लं'. आणि आम्ही झोपलो की किचनमध्ये लाडू, शेव, उरलेल्या पोळ्या, हाताला लागेल ते संपवते. विचारलं की रडते, दुसऱ्या दिवशी परत कडक डाएट. हे म्हणतात डब्यांना कुलूप लावू. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, कुलूप अजिबात नका लावू. रात्रीचं खाणं हा हावरटपणा नाही, ती दिवसभर मारलेली भूक आहे. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटाला 36 तरुणांना, तेही तब्येतीने मनाने ठणठणीत बघून निवडलेले, सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं होतं, तर ते दिवसरात्र खाण्याचाच विचार करायला लागले, काहीजण रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले, ताटातलं एवढंसं अन्न पुरवून पुरवून खायला लागले, आणि परत भरपूर मिळायला लागल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी थांबता येईना. तुमच्या मुलीचंही असंच चाललेलं दिसतंय, त्यात वर शरम, आणि शरमेपोटी परत उपाशी. कुलपाने फक्त लपवाछपवी वाढेल. आपल्याकडे तर उपासाच्या आड हे सहज लपतं, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, कुणी विचारत नाही उलट कौतुक करतात, तेवढं बघा.

खाण्याच्या अशा त्रासावरच्या उपचारात पहिलं काम असतं दर तीन-चार तासांनी काहीतरी खाण्याचं. आदल्या रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत, आणि हेच तिला सगळ्यात जड जाईल. म्हणून जेवताना सोबत बसा, पण वजन, कॅलरी, 'किती घेतलंस' काही नको. मावशी-आत्यांनाही सांगून ठेवा, 'बारीक झालीस, छान दिसतेस' बंद.

जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते का (मुद्दाम उलटी काढायला), पाळी चुकतेय का, चक्कर, छातीत धडधड? असं काही असेल तर लगेच फिजिशियनला दाखवा, कारण उलट्यांनी पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मग अंगाने नीट दिसत असली तरी. यातलं काही नसलं तरी मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घ्याच, आणि तोवर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तिच्याशी बोलताना डब्यांचा विषय नको. 'दिवसभर उपाशी असतेस, मला काळजी वाटते' इथून सुरू करा, चिडली तर सोडून द्या आणि दोन दिवसांनी परत काढा.